हौशी रेडिओवरील आवाज : ॲनलॉग आणि डिजिटल
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, जमाखर्चाचे वाचन आणि वधूवर-परिचय हे संमेलनाचे नेहमीचे कार्यक्रम. त्यांच्यामध्येच हे रेडिओवरील व्याख्यान कोठून आले, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात आला असेल. त्याचे कारण प्रथम सांगणे अवश्य आहे. आपल्या विद्यार्थी-वसतिगृहातील सात मुलामुलींनी गेल्या दोन वर्षांत सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळविला. वसतिगृहात एक लहानसे रेडिओ-केंद्र उभारण्यास शिक्षण-फंडातून साहाय्य मिळावे, असा अर्ज आता त्यांनी मंडळाकडे केला आहे. अर्ज एक असला तरी अर्जदारांत दोन तट आहेत. चौघांस डिजिटल पद्धतीने बोलणारे हातातील संच हवे आहेत. तिघांस लघुलहरींवर बोलणारा, जुन्या ॲनलॉग पद्धतीचा एकच मोठा संच हवा आहे. आणि खुद्द कार्यकारी मंडळात तिसरा तट आहे, तो असा की, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना ही उठाठेव कशासाठी?

फंडातील पैसा हा अनेक कुटुंबांनी लग्नकार्यातून, श्राद्धपक्षातून बाजूला काढून दिलेला पैसा आहे. तो वाटेल त्या यंत्रावर घालता येत नाही. म्हणून मंडळाने आम्हांस मत विचारले. आम्ही इंजिनीअर नव्हे. मॅट्रिक झालो आणि शाळेत मुलांस शिकविण्यात आयुष्य घालविले. परंतु ह्या छंदात आमची तीसएक वर्षे गेली आहेत. तेवढ्या अधिकारावर चार गोष्टी सांगतो.

हौशी रेडिओ म्हणजे आकाशवाणी नव्हे. आकाशवाणीवर एक बोलतो व लक्षावधी ऐकतात. येथे दोघे बोलतात व दोघे ऐकतात. सरकारकडून परवाना मिळालेल्या व्यक्तीस स्वतःचे एक संकेतनाम मिळते. भारतातील बहुतेक हौशी केंद्रांचे संकेतनाम 'व्हीयू' ह्या अक्षरांनी सुरू होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी ह्यांचे संकेतनाम 'व्हीयू२आरजी' असे होते. ह्या मंडळींस जगभर 'हॅम' म्हणतात. हॅमने व्यापार करावयाचा नाही, गुप्त सांकेतिक भाषेत बोलावयाचे नाही, आणि परवान्याशिवाय तर संचाचे बटणही दाबावयाचे नाही, हे ह्या छंदाचे नियम होत. बाजारात स्वस्त हातसंच मिळतात म्हणून ते आणून मुलांच्या हाती देणारे काही पालक आम्ही पाहिले आहेत. परवाना नसताना असा संच चालविणे हा कायद्याने गुन्हा आहे, एवढे येथेच सांगून ठेवतो. आपल्या देशात हा छंद १९२१ साली कलकत्त्यात सुरू झाला. अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस हे आपले पहिले हॅम मानले जातात.

आता आवाजाकडे वळू. बिनतारी यंत्र प्रथम बोलत नव्हते. ते टिकटिक करीत होते. मोर्सच्या कट्ट-कड लिपीत संदेश जात. मनुष्याचा प्रत्यक्ष आवाज तारेवाचून पाठविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग रेजिनाल्ड फेसेंडन ह्यांनी २३ डिसेंबर १९०० रोजी अमेरिकेतील पोटोमॅक नदीतल्या कॉब बेटावर केला. अंतर सुमारे दीड किलोमीटर. आपल्या सहाय्यकास त्यांनी विचारले ते एवढेच, की तिकडे बर्फ पडत आहे काय? खरखर प्रचंड होती. परंतु त्या खरखरीतून शब्द कळले. आवाज आणि खरखर ह्यांची ही सोबत तेव्हापासूनची आहे, आणि आजचा सारा वाद वस्तुतः त्याच खरखरीविषयीचा आहे.

ॲनलॉग पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. आपण बोलतो तेव्हा हवा कंप पावते. मायक्रोफोन त्या कंपांसारखाच वीजप्रवाह निर्माण करतो. आवाज चढला की प्रवाह चढतो, उतरला की उतरतो. हा प्रवाह स्वतः दूर जाऊ शकत नाही. म्हणून त्यास एका जलद कंपणाऱ्या लहरीवर बसवून पाठवितात. तिला वाहक लहर म्हणतात. वाहक लहर ही बैलगाडी आणि आवाज हा तिच्यावरील माल, असे आम्ही वर्गात सांगत असू. माल गाडीवर कसा लादावयाचा, ह्याच्या तऱ्हा मात्र निरनिराळ्या आहेत.

पहिली तऱ्हा एएम. हिच्यात आवाजाप्रमाणे वाहक लहरीची उंची कमीजास्त होते. आपल्या घरांतील जुने रेडिओ ह्याच तऱ्हेवर चालत. १९४२ च्या चळवळीत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेला गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे, तोही ह्याच तऱ्हेने. जागा बदलत बदलत त्यांनी ते केंद्र सुमारे तीन महिने चालविले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी त्यांना पकडले. ह्या प्रसंगाचा उल्लेख मुद्दाम केला. यंत्र मुंबईत जुळविलेले होते, आणि ते ऐकावयास लोकांस घरातला साधा रेडिओ पुरत होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडेल.

एएममध्ये एक मोठी उधळपट्टी आहे. पुऱ्या जोराने बोलले तरी एकंदर शक्तीचा दोन तृतीयांश भाग रिकाम्या वाहक लहरीत जातो. उरलेल्या तृतीयांशाच्या दोन सारख्या गोण्या होतात, एक वाहकाच्या उजवीकडे, एक डावीकडे. आणि दोहोंत माल तोच! म्हणजे खऱ्या कामाला आला तो सहावा हिस्सा. जॉन कार्सन ह्या अमेरिकन इंजिनीअराने १९१५ साली ही चूक हेरली आणि असे सुचविले की, गाडीही नको, दुसरी गोणीही नको. एकच गोणी पाठवावी आणि ऐकणाऱ्याने आपल्या घरची गाडी तिच्याखाली लावावी. हीच सिंगल साइडबँड पद्धत. हॅम मंडळी तिला एसएसबी म्हणतात. एएमला सुमारे सहा हजार कंपनांची रुंदी लागते, तर हिला तीन हजारांहून कमी. त्यामुळे तेवढ्याच शक्तीत आवाज कितीतरी दूर जातो. तोटा इतकाच की, ऐकणाऱ्याची गाडी जागेवर नीट लागली नाही तर माणूस बदकासारखा बोलू लागतो.

हॅम लोकांत ही पद्धत १९५० नंतर पसरू लागली, तेव्हा जुन्या एएमवाल्यांनी तिची यथेच्छ टर उडविली. हा काय माणसाचा आवाज, असे ते म्हणत. आज तीच जुनी मंडळी आणि त्यांचे शिष्य डिजिटल आवाजास यांत्रिक म्हणून हिणवितात. तेव्हा नुसत्या नाक मुरडण्यावरून कोणत्याही पद्धतीचे मोल ठरवू नये. एसएसबी जिंकली ती तिचा आवाज गोड होता म्हणून नव्हे. थोड्या शक्तीत ती दूर पोहोचली म्हणून. डिजिटलची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हावी.

तिसरी तऱ्हा एफएम. एडविन आर्मस्ट्राँग ह्यांनी १९३३ साली हिची पेटंटे मिळविली. हिच्यात लहरीची उंची तशीच राहते. बदलतो तो तिच्या कंपनांचा वेग. विजेची खरखर बहुतांशी उंचीवर आघात करते. त्यामुळे एफएमचा आवाज स्वच्छ येतो. हातातील संच आणि डोंगरमाथ्यावरील पुनःप्रक्षेपक ह्यांसाठी हॅम लोकांनी हीच तऱ्हा पत्करली. परंतु हिचा एक स्वभाव असा की, एकाच वेळी दोघे बोलले तर बलवानाचा आवाज ऐकू येतो आणि दुर्बळाचा पूर्णपणे दबला जातो. ह्याच कारणास्तव विमानचालक आणि विमानतळ ह्यांच्यातील संभाषण अजूनही एएमवर चालते. तेथे दुसरा कोणी बोलत आहे हे निदान शिट्टीवरून तरी कळले पाहिजे. ज्यास आपण जुनाट म्हणून अडगळीत टाकतो, ते कोठेतरी प्राणरक्षण करीत असते, ह्याचे हे एक उदाहरण.

आता डिजिटल. ह्या शब्दास अंकीय असा चांगला प्रतिशब्द आहे; परंतु लोकांच्या तोंडी डिजिटल हाच शब्द बसला आहे, सबब आम्हीही तोच वापरतो. ह्या पद्धतीत आवाजाच्या कंपांचे मोजमाप घेतात. टेलिफोनच्या दर्जाच्या आवाजासाठी दर सेकंदास ८,००० वेळा माप घ्यावयाचे आणि प्रत्येक माप शून्य व एक अशा आठ खुणांनी लिहावयाचे, म्हणजे सेकंदास ६४,००० खुणा झाल्या. हौशी रेडिओच्या अरुंद वाटेने इतका बोजा जाणे शक्य नाही. तेव्हा आवाज आटवावा लागतो. बासुंदीसाठी दूध आटवितात तसा, असे म्हणावयाचा मोह होतो. परंतु ही क्रिया त्याहून निराळी आहे. बासुंदीत दूधच असते. येथे मूळ आवाज जातच नाही. आवाजाची पाककृती जाते आणि पलीकडील यंत्र तीवरून नवा आवाज रांधते.

ही युक्ती मराठी व्याकरण शिकलेल्या मनुष्यास चटकन कळावी. आपण वर्णांचे कठोर आणि मृदू असे भेद शिकलो. क, च, ट, त, प म्हणताना कंठातील तंतू कंप पावत नाहीत. ग, ज, ड, द, ब म्हणताना पावतात. यंत्र सेकंदाचे पन्नास तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यास विचारते : ह्यात कंठाचा नाद आहे की नुसता श्वास? नाद असल्यास त्याची पट्टी कोणती? तोंडाच्या पोकळीचा आकार कसा? जोर किती? उत्तरे टिपून तेवढीच पाठवावयाची. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेचे होमर डडली ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात हे यंत्र सिद्ध केले. त्यास व्होकोडर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, लंडन व वॉशिंग्टन ह्यांच्यामधील अत्यंत गुप्त संभाषणासाठी त्यावर आधारलेली जी यंत्रणा उभारली, तिच्या एका ठाण्याचे वजन पन्नास टनांहून अधिक होते. आज तेच काम चण्याच्या डाळीएवढी चकती करते!

आपल्यापैकी ज्यांस हे सारे परके वाटत असेल त्यांनी आपला मोबाइल आठवावा. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पहिले मोबाइल संभाषण झाले, तेव्हापासून आपण अशाच आटविलेल्या, पुन्हा घडविलेल्या आवाजात आपल्या लेकीसुनांशी बोलत आहोत. 'तुझा आवाज तुटतोय' असे जे आपण म्हणतो, ते पाककृतीचे कागद वाटेत हरविल्याचे लक्षण होय.

हॅम लोकांसाठी खास अशी पहिली मोठी डिजिटल पद्धत जपानच्या हौशी रेडिओ संघाने तयार करून २००१ साली जाहीर केली. तिचे नाव डी-स्टार. तिच्यात सेकंदास ४,८०० खुणा जातात : २,४०० प्रत्यक्ष आवाजाच्या, १,२०० चुका दुरुस्त करण्यासाठी आणि १,२०० संकेतनाम, ठिकाण इत्यादी माहितीसाठी. चूक-दुरुस्तीच्या खुणा म्हणजे काय? आपण चेकवर रक्कम आकड्यांत लिहून पुन्हा अक्षरी लिहितो, त्यातलाच हा प्रकार. आकडा पुसट झाला तरी अक्षरांवरून कळतो. दुसरी पद्धत डीएमआर. ही मूळची हॅमांची नव्हे. युरोपातील मानक-संस्थेने २००५ मध्ये ती व्यावसायिक वापरासाठी ठरविली आणि हॅमांनी ती उचलली. हिच्यात ३० सहस्रांश सेकंदांच्या पाळ्या असतात; एक पाळी एका जोडीची, पुढली दुसऱ्या जोडीची. अशा रीतीने जेथे एक संभाषण मावे तेथे दोन मावतात. आणि संच अर्धाच वेळ प्रक्षेपण करीत असल्याने बॅटरीही अधिक टिकते. तिसरी पद्धत एका जपानी कंपनीने २०१३ च्या सुमारास आणलेली सिस्टम फ्यूजन.

ह्या पद्धतींचे गुण झाकण्याचे कारण नाही. संकेत पुरेसा असेल तोवर खरखर मुळीच नाही. बोलणाऱ्याचे संकेतनाम आपोआप पडद्यावर उमटते. इंटरनेटची जोड दिली तर वसतिगृहाच्या खोलीत बसून, मुठीएवढ्या संचावरून, अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असलेल्या हॅमशी बोलता येते. आपल्या ज्ञातीची किती मुले आज परदेशी आहेत, हे स्मरणिकेच्या यादीवरून दिसतेच. त्यांच्यापैकी कोणी हॅम असेल तर वसतिगृहातील मुलांस केवढा आधार वाटेल! डिजिटलच्या बाजूने बोलणाऱ्या चौघांनी हाच मुद्दा मांडला आहे, आणि तो आम्हांस मनापासून पटतो.

परंतु दोषही पाहिले पाहिजेत. पहिला असा : ॲनलॉग आवाज दुर्बळ होतो तसा हळूहळू खरखरीत बुडत जातो. म्हातारा मनुष्य जसा थकत थकत जातो, पण अखेरपर्यंत काही ना काही बोलतो, तसा. कसलेला कान त्या खरखरीतूनही नाव, गाव, आकडा वेचून काढतो. डिजिटल आवाज अमुक मर्यादेपर्यंत स्वच्छ असतो आणि तिच्या खाली गेला की दिवा मालवावा तसा नाहीसा होतो. त्या कड्याच्या काठावर काही क्षण तो गुळण्या केल्यासारखा विचित्र बडबडतो, मग शांतता. समोरचा गप्प बसला की यंत्र गप्प झाले, हेही कळत नाही. सुखाच्या गप्पांत ह्याने काही बिघडत नाही; मदत मागणाऱ्याच्या बाबतीत मात्र फार बिघडते.

उच्चारांचा एक किरकोळ प्रश्नही आहे, पण शिक्षकाच्या सवयीने तो सांगावासा वाटतो. आटविलेल्या आवाजात न आणि ण, ल आणि ळ ह्यांतील भेद आमच्या कानास अंधुक वाटतो. एसएसबीही येथे निर्दोष नाही. स, श, फ ह्यांचा सुसकारा बहुतांशी तीन हजार कंपनांच्या वर असतो आणि तेवढा भाग तीही कापून टाकते. म्हणूनच १९५६ पासून सर्वत्र रूढ झालेली अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला दोन्हीकडे पाठ असावी लागते. आपल्या सात जणांस ती उत्तम पाठ आहे. आम्ही ऐकली आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर. एएमच्या संचास एएमचा कोणताही संच समजतो. डी-स्टारचा संच डीएमआरला ओळखत नाही, डीएमआर फ्यूजनला ओळखत नाही. तीन भाऊ आणि तीन चुली! एका चुलीवरचे दुसरीकडे न्यावयाचे तर मध्ये दुभाषी यंत्र ठेवावे लागते. काँग्रेस रेडिओ ऐकण्यास घरचा संच पुरत होता, हे मघाशी सांगितले ते ह्यासाठी.

तिसरा दोष हा तत्त्वाचा आहे. ह्या तीनही पद्धतींत आवाज आटविण्याची पाककृती एका खाजगी अमेरिकन कंपनीच्या मालकीची. ती चकतीत बंद करून विकली जाते. हौशी रेडिओची सारी परंपरा यंत्र उघडून पाहण्याची, स्वतः जुळविण्याची, शेजाऱ्यास आकृती काढून देण्याची. तेथे अशी मोहोरबंद डबी आली की मुलगा यंत्राचा केवळ ग्राहक राहतो. हे दुःख पुष्कळांस झाले. परंतु बहुतेकांनी कुरकुर केली आणि संच विकत घेतला. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड रोव ह्या इंजिनीअर हॅमने मात्र कुरकुर न करता स्वतःची पाककृती लिहिली. तिचे नाव कोडेक-२. ती सर्वांस मोफत आणि खुली आहे. सेकंदास ३,२०० खुणांपासून अवघ्या ७०० खुणांपर्यंत ती आवाज आटवू शकते. तिच्या आधारे २०१२ पासून फ्रीडीव्ही ही पद्धत लघुलहरींवर सुरू झाली. तिच्या एका प्रकारास जेमतेम एक हजार कंपनांची रुंदी पुरते, म्हणजे एसएसबीच्याही निम्म्याहून कमी. पोलंडमध्ये २०१९ साली सुरू झालेली एम-१७ ही पद्धतही कोडेक-२ वरच उभी आहे. आणि २०२४ पासून रोव ह्यांनी संगणकास आवाजाचे शिक्षण देऊन घडविलेली नवी पद्धत पुढे आणली आहे. तिचा आवाज आम्ही ऐकला, तो एसएसबीहून भरदार आहे, हे कबूल केले पाहिजे. डिजिटल म्हटले की बंद डबी, असे समीकरण मांडणाऱ्या आमच्या जुन्या मित्रांनी हे ऐकावे. फ्रीडीव्हीस लागते काय? एक एसएसबीचा संच आणि एक साधा संगणक. संगणक वसतिगृहात आहेतच.

आता 'मोबाइल असताना हे कशाला' ह्या प्रश्नाकडे येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री मुंबईत कितीतरी कुटुंबांस घरची माणसे कोठे अडकली हे कळले नाही. ह्या सभागृहातही अशी कुटुंबे बसली आहेत. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. मोबाइल मुका होतो तो स्वतःच्या दोषाने नव्हे. त्याचा मनोरा वीज मागतो, मनोऱ्यास जोडणारी तार शाबूत लागते, आणि पुढे सारी यंत्रणा चालू लागते. इंटरनेटवर अवलंबून असलेला डिजिटल हातसंचही नेमका ह्याच साखळीस बांधलेला आहे. अमेरिकेशी बोलणारा तो मुठीएवढा संच स्वतःच्या बळावर दोनचार कोसांपलीकडे क्वचितच पोहोचतो, आणि मध्ये सह्याद्रीचा एखादा सुळका आला तर तेवढाही नाही.

लघुलहरींची गोष्ट वेगळी. ४० मीटरच्या पट्ट्यावर दिवसा पाठविलेला आवाज उंच आकाशातील विद्युन्मय थरावर आपटून खाली येतो आणि शेकडो किलोमीटरांच्या परिसरात ऐकू येतो. त्यास घाट आडवा येत नाही, कारण तो घाटावरून जातो. रत्नागिरीहून पुण्यास बोलण्यास मध्ये मनोरा नको, तार नको, कोणाची मेहेरबानी नको. मोटारीची एक बॅटरी आणि एक तार पुरे.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद ह्या हॅम भगिनी आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथे होत्या. त्या गेल्या होत्या छंदासाठी, अंदमानहून जगातील हॅमांशी बोलण्यास. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला तेव्हा त्यांच्या केंद्राने निरोप पोहोचविण्याचे काम अंगावर घेतले, आणि अनेक घरांना आपली माणसे सुखरूप असल्याचे त्यांच्यामुळे कळले. मुलींनी ह्या तारायंत्राच्या भानगडीत कशाला पडावे, असे आम्हांस एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले होते. त्यांस हेच उत्तर. अर्जदारांत दोन मुली आहेत, आणि अँटेनाचे गणित त्यांचेच सर्वांत पक्के आहे. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपातही हॅमांनी असेच साहाय्य केले.

आणि ॲनलॉग म्हणजे मागासलेले, असाही समज नको. आपल्या इस्रोने ५ मे २००५ रोजी हॅमसॅट हा हौशी रेडिओचा उपग्रह सोडला. तो सुमारे नऊ वर्षे चालला, आणि त्यावरून जगातील हॅम एसएसबी व मोर्स ह्या जुन्याच वाण्यांत बोलत. जुलै २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावरून बंगळूर आणि शिलाँग येथील विद्यार्थ्यांशी हौशी रेडिओवरून बोलले, ते साध्या एफएमवर. स्थानक डोक्यावरून जाते त्या दहाएक मिनिटांत बोलणे उरकावे लागते. तेथे कोणालाही ऐकता येईल अशी साधी तऱ्हाच बरी पडते.

तेव्हा मंडळास आमची शिफारस अशी. फंडाचा पैसा प्रथम लघुलहरींवर एसएसबी बोलणाऱ्या एका संचावर आणि एका चांगल्या बॅटरीवर खर्च करावा. नवा नसला तरी चालेल. हॅम लोकांत वापरलेले संच प्रामाणिक किमतीस मिळतात, आणि व्यवहार परवानाधारकांतच होत असल्याने कागदपत्रे स्वच्छ राहतात. ह्याच संचावर मुलांनी फ्रीडीव्हीचे प्रयोग करावे, म्हणजे डिजिटलचे ज्ञान बंद डबी विकत न घेता मिळेल. उरलेल्या रकमेतून एक, तीन नव्हे, डिजिटल हातसंच घ्यावा. मात्र साध्या एफएमवरही बोलतो तोच पाहून घ्यावा. असे संच पुष्कळ आहेत. परदेशातील ज्ञातिबांधवांशी गप्पा त्यावर होतील. चौघांना ही वाटणी अन्यायाची वाटेल, हे आम्ही जाणतो. त्यांनी अर्जात लिहिले आहे की, जुनी पद्धत आता वृद्धांची झाली. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की, एक महिना सातही जणांनी दोन्ही संच पाळीपाळीने चालवावे, रोज कोणाशी बोलणे झाले, किती स्पष्ट ऐकू आले, ह्याची नोंद वहीत करावी, आणि ती वही मंडळापुढे ठेवावी. वहीतून वेगळे काही निघाले तर पुढील वर्षीच्या अर्जास आम्ही स्वतः अनुमोदन देऊ.

एक अडचण राहिली. ४० मीटरच्या पट्ट्यासाठी सुमारे वीस मीटर लांबीची तार वसतिगृहाच्या गच्चीवर दोन खांबांमध्ये ताणावी लागेल. शेजारच्या सोसायटीची तिला हरकत आहे, असे व्यवस्थापकांनी कळविले आहे. त्यांना ती विजेची तार वाटते. पावसाळा संपल्यावर एका रविवारी सोसायटीच्या मंडळींस गच्चीवर बोलावून, संच लावून, दूरच्या गावचा एखादा आवाज त्यांना प्रत्यक्ष ऐकवावा, असे ठरले आहे. त्या दिवशी येथे जमलेल्यांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनीही अवश्य यावे. तारेसाठी मात्र फंडाकडे काही मागण्याचे कारण नाही. ती आमच्याकडे आहे, आणि खांबांस बांधावयाची दोरीही.